‘ऐकलेले ५ टक्के, शिकवलेले ९० टक्के’: आकडे आले कुठून?

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात एक त्रिकोण हमखास पडद्यावर येतो. व्याख्यानातले ५ टक्के लक्षात राहते, वाचलेले १०, दृकश्राव्य २०, प्रात्यक्षिक पाहून ३०, गटचर्चेतले ५०, स्वतः केलेले ७५ आणि दुसऱ्याला शिकवलेले ९० टक्के. सल्लाही तयारच असतो: व्याख्याने थांबवा, विद्यार्थ्यांनाच शिकवू द्या.

‘हे संशोधन आहे.’ नाही. त्रिकोणाखाली बहुधा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचे नाव असते. डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या ‘अनुभवांच्या शंकूत’ एकही टक्केवारी नव्हती; प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंत, मूर्ताकडून अमूर्ताकडे लावलेली ती उतरंड होती. आकडे मागून चिकटवले गेले. दुसरे नाव येते अमेरिकेतल्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीजचे. मूळ नोंदी आपल्याला सापडत नाहीत, असे त्या संस्थेनेच कळवले आहे. शिवाय खऱ्या मोजणीत सगळेच आकडे ५ च्या पटीत येतील कसे?

‘प्रत्येक पद्धतीची स्मरणाची टक्केवारी ठरलेली असते.’ किती दिवसांनी मोजायची, हे त्रिकोण सांगतच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. रोडिजर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने पारडे फिरले: ४० विरुद्ध ६१. मग ‘वाचनाचा’ आकडा कोणता धरायचा, ८३ की ४०?

‘म्हणजे व्याख्यान वाया.’ इथे त्रिकोणवाल्यांच्या हाती अर्धे सत्य आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांच्या २०१४ च्या एकत्रित विश्लेषणात निव्वळ व्याख्यानांच्या वर्गात नापासांचे प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के निघाले. पण अशा वर्गांतून व्याख्यान हद्दपार झालेले नसते, त्याचे तुकडे झालेले असतात. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांची रीत पाहा. थोडे समजावून सांगा, संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न टाका, मिनिट-दोन मिनिटे एकट्याने विचार करून उत्तर नोंदवू द्या. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्के असतील तरच शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मतदान. त्याहून कमी असतील तर चर्चेत आंधळा आंधळ्याला वाट दाखवतो. पुन्हा समजावून सांगा. जास्त असतील तर पुढे चला.

‘शिकवले की ९० टक्के.’ या वाक्याने सेमिनारांचे सर्वाधिक नुकसान केले आहे. प्रत्येक जण आपल्याच घटकाच्या स्लाइड करतो आणि वाचून दाखवतो. उरलेल्यांच्या वाट्याला नवशिक्याचे व्याख्यान येते. त्यापेक्षा सगळा भाग सगळ्यांना तयार करायला सांगा आणि वक्ता आयत्या वेळी चिठ्ठी टाकून निवडा. स्लाइड नकोत, फक्त खडू-फळा आणि आठ मिनिटे. चूक झाली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा, नाहीतर तीच सर्वांच्या वहीत उतरते. शेवटची पाच मिनिटे ऐकणाऱ्यांनी वह्या मिटून आठवेल ते लिहायचे, बोलणाऱ्यानेही.