टूल आहे ना!

आयटीतल्या माणसाच्या वाट्याला जी दुःखं येतात, त्यांत डॉक्युमेंटेशनचा नंबर अप्रेझलच्या लगेच खाली लागतो. डिलिव्हरी तोंडावर आली की आमच्या साहेबांना हमखास आठवतं, की करारात 'टेक्निकल डॉक्युमेंटेशन', म्हणजे कोडचा कुठला भाग काय करतो याची लेखी माहिती, अशी एक ओळ आहे. यंदा ती शुक्रवारी संध्याकाळी आठवली, बॅगा भरून झाल्यावर. आमचा कोड सी प्लस प्लस या भाषेतला, बारा वर्षांचा, आणि तो लिहिणारे निम्मे लोक आता कॅनडात बर्फ उपसतात. "सर, हे लिहून काढायला सहा महिने लागतील," आमच्या सिनिअर मॅडम म्हणाल्या. साहेब हसले. "लिहायचं कशाला? टूल आहे ना!"

'टूल आहे ना' म्हणणारा माणूस ते टूल स्वतः कधीच चालवत नाही.

टूलबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्सिजन नावाचं हे प्रकरण डिमित्री व्हान हेश या गृहस्थांनी १९९७ मध्ये जगापुढे आणलं आणि तेव्हापासून ते निमूटपणे राबतं आहे. फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर दोन स्टारवाली कॉमेंट, म्हणजे माणसांसाठीची टीप, लिहायची; टूल कोड वाचतं, कॉमेंट उचलतं आणि अनुक्रमणिका, लिंका, आकृत्या यांच्यासकट पानं काढून देतं. जावावाल्यांचं जावाडॉक, पायथनवाल्यांचं स्फिंक्स, सगळ्यांचा संसार थोड्याफार फरकाने असाच. अट एकच, ती कॉमेंट आधी कुणीतरी लिहिलेली असावी लागते. साहेबांनी व्हिडिओ बघितला होता त्यात ही अट बहुधा शेवटी होती.

काम माझ्याकडे आलं, कारण त्या वेळी मी जागेवर होतो. पहिली कमांड दिली, तर सेटिंगची दोन हजारांहून जास्त ओळींची फाइल तयार झाली. प्रत्येक सेटिंगच्या वर ते काय करतं, कधी वापरावं, सोडून दिलं तर काय होईल, सगळं सविस्तर. आमच्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये नीट डॉक्युमेंट केलेली ती पहिली फाइल.

दुसरी कमांड दिली आणि पडद्यावरून इशारे धावू लागले. हे डॉक्युमेंट केलेलं नाही, तेही केलेलं नाही. चहा घेऊन आलो तरी धावतच होते. मग मॅडमनी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' नावाचं सेटिंग दाखवलं. ते 'येस' केलं की डॉक्सिजन सगळंच डॉक्युमेंट केलेलं आहे असं समजून चालतं आणि इशारे गप्प होतात. कागदोपत्री पूर्ण झालेल्या कामांची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे, पण तिचं असं बटण करून ठेवलेलं मी प्रथमच पाहिलं.

इशारे गेले, पानं मात्र कोरीच राहिली. साहेब म्हणाले, "त्याचंही टूल आहे." हे दुसरं टूल फंक्शनचं नाव वाचून वर्णन रचतं. 'गेट कस्टमर नेम' दिसलं की इंग्रजीत लिहितं, 'गेट्स द कस्टमर नेम.' इथपर्यंत ठीक. पण आमच्याकडे 'जुगाड डेटा' नावाचंही एक फंक्शन आहे आणि गेली कित्येक वर्षं बिलिंग त्याच्याच जिवावर चालतं. त्याच्यावर टूलने गंभीर चेहऱ्याने लिहिलं, 'जुगाड्स द डेटा.' खरं सांगतो, त्या फंक्शनचं याहून अचूक वर्णन मलाही जमलं नसतं.

आकृत्यांचं काम ग्राफव्हिझ करतं. कुठलं फंक्शन कुणाला हाक मारतं याचे चौकोन आणि बाण. एका आकृतीत मुळात पन्नास चौकोनांचीच मुभा असते. त्यापुढे चित्र कापलं जातं आणि जिथे कापलं तिथला चौकोन लाल होतो. आमच्या मुख्य क्लासचं, म्हणजे कोडच्या सगळ्यात मोठ्या कप्प्याचं, पान उघडलं तर मंडईत टोमॅटोचा ढीग ओतावा तसं दिसत होतं. साहेबांना ते फार आवडलं. "कलरफुल आहे," म्हणाले.

खरा घोळ पुढेच होता. कोडमध्ये कुणी 'टूडू' अशी खूण करून राहिलेलं काम लिहिलं असेल, तर डॉक्सिजन अशी सगळी कामं वेचून त्यांचं वेगळं पान बनवतं. 'बग' म्हणून केलेल्या कबुल्यांचंही एक पान. दोन्ही पानं न सांगता, आपणहून. बारा वर्षांत जो तो आपापल्या कोपऱ्यात जे पुटपुटला होता, ते एका यादीत, लिंकसकट. 'हे नंतर बघू.' 'टेस्टरला सांगू नये.' 'गणपतीनंतर करतो.' ही शेवटची नोंद अनेकदा होती, वेगवेगळ्या फाइलींत, वेगवेगळ्या वर्षांची. मराठी सगळं इंग्रजी अक्षरांत. एकाने मात्र अभिमानाने देवनागरीत लिहिलं होतं, आणि पीडीएफ बनवणारं लाटेक्‌ नेमकं त्याच अक्षरांपाशी अडून बसलं.

त्यात साहेबांच्या सांगण्यावरून मूळ कोडही सोबत जोडला होता. तिथे डॉक्सिजन आपल्या त्या दोन स्टारवाल्या, औपचारिक कॉमेंटा झाकतं आणि साध्या कॉमेंटा तशाच ठेवतं. म्हणजे सुटाबुटातला मजकूर गायब, आणि 'इथे हात लावलास तर तूच निस्तर' हे वाक्य मात्र ठळक.

ही पानं बंद करायची सेटिंगं असतात. पण मी ती शोधेपर्यंत साहेबांनी फोल्डर झिप करून श्टुटगार्टला पाठवलेलंही होतं. चौदाशे पानं आहेत हे त्यांनी मेलच्या विषयातच लिहिलं होतं.

जर्मन क्लायंटने ती वाचली. हा धोका आमच्यापैकी कुणीच धरला नव्हता. जुगाडबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, लाल चौकोनांबद्दलही नाही. प्रश्न एकच होता: बरीच प्रलंबित कामं 'गणपती' या मॉड्यूलवर अवलंबून दिसतात, तर ते कधी डिलिव्हर होणार?

मीटिंगमध्ये शांतता पसरली. मॅडम वहीत काहीतरी लिहू लागल्या. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि न डगमगता चतुर्थीची तारीख सांगून टाकली. क्लायंटने ती प्लॅनमध्ये नोंदवली, टेस्टिंगसाठी पुढचे दिवस धरले आणि फायनल रिव्ह्यू ठेवला नेमका अनंत चतुर्दशीला. दुपारी साडेतीनला, सगळ्यांनी ऑफिसातूनच हजर राहायचं.