पक्षी पाहायचे असतील तर परसातला पातेरा राहू द्या

फोंडा तालुक्यातील आमच्या घराच्या न्हाणीचे पाणी पूर्वीपासून एका उथळ चरातून केळींच्या बुंध्याशी जाते. तिथली जमीन मे महिन्यातही ओली असते, भोवती अळू माजलेले असते आणि गडग्याच्या बाजूला फणसाचा पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पाने, साचलेला असतो. गेली नऊ वर्षे मी पक्षी पाहते आहे आणि माझ्या वह्यांतील निम्म्याहून अधिक नोंदी या पंधरा पावलांच्या जागेतील आहेत. हे आरंभीच सांगते, कारण अलीकडे ओळखीतील अनेक जण, विशेषतः निवृत्तीला आलेली मंडळी, हा छंद कसा सुरू करावा असे विचारतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा दुर्बीण कोणती घ्यावी किंवा कॅमेऱ्याला किती मोठी लेन्स लागेल, हा असतो. माझे मत असे आहे की पहिले वर्षभर पक्षी आपल्या परसातच पाहावेत, खर्च करायचाच तर एका वहीवर करावा, आणि परसात पक्षी यावेत असे मनापासून वाटत असेल तर परसाचा एखादा कोपरा झाडण्याचे सोडून द्यावे.

गोव्यात पक्ष्यांच्या चारशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे. कुडचडे परिसरातील नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. करमळीचे तळे तर अनेकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. ही ठिकाणे पाहावीत, पुन्हा पुन्हा पाहावीत. परंतु नवख्या माणसाने तिथून सुरुवात केली की काय होते, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे. लांब चिखलात करड्या-तपकिरी रंगाचे पन्नास-साठ पक्षी चरत असतात, त्यांतील तीन-चार जाती एकमेकींसारख्या दिसतात, बरोबरचा जाणकार भराभर नावे सांगत जातो आणि घरी परतल्यावर त्यांतील एकही नाव कोणत्या पक्ष्याचे होते ते आठवत नाही. चिखलातले पक्षी ओळखणे अनुभवी माणसालाही जड जाते. परसातला पक्षी मात्र आज नीट दिसला नाही तर उद्या दिसतो, परवा दिसतो, आणि तिसऱ्या महिन्यात तो केवळ उडण्याच्या ढबीवरून ओळखता येऊ लागतो.

ओळखण्याची सुरुवात रंगापासून करू नये, असे मला अनुभवाने पटले आहे. गर्द सावलीत सगळेच रंग काळपट दिसतात. त्यापेक्षा आकार आधी पाहावा: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच कशी आहे, शेपटी उभारलेली आहे की खाली झुकलेली, पक्षी जमिनीवर उड्या मारत जातो की पाऊल टाकत चालतो, हे पाहावे. हे सारे तिथल्या तिथे वहीत लिहावे, कारण पक्षी उडून गेल्यावर आपली आठवण पुस्तकातल्या चित्राप्रमाणे बदलू लागते. वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की ऊन, पक्षी कोणत्या झाडावर होता आणि काय करीत होता, एवढे असले की पुरे. नाव नंतर सापडते. मी कोकिळेची मादी तब्बल एक वर्ष वेगळाच पक्षी समजून नोंदवत होते, कारण ती तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असलेली असते, तर ‘कुहू’ करणारा काळाकुळकुळीत पक्षी हा नर असतो. ज्या दिवशी हे ध्यानात आले, त्या दिवशी मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि ती ‘अनोळखी’ मादी कावळ्यांच्या घरट्याच्या आसपास किती वेळा दिसली होती, हे माझे मलाच उलगडले. वहीत वर्णन लिहिलेले नसते तर ही चूक चूकच राहिली असती.

डोळ्यांइतकेच काम कानांचे आहे, आणि आपल्याकडच्या दाट झाडीत तर कानांचे अधिक. कुटुरगा, म्हणजे पांढऱ्या गालांचा हिरवा तांबट, उन्हाळ्यात दिवसभर ‘कुटूर कुटूर’ करून परस दणाणून सोडतो. परंतु पानांच्याच रंगाचा असल्यामुळे तो प्रत्यक्ष दिसायला मला तीन महिने लागले. पावसाळा सरताना झुडपांच्या आतून ‘चक्... चक्’ असा दगडावर दगड हलकेच आपटल्यासारखा आवाज येऊ लागला, की समजावे की ब्लिथचा बोरू वटवट्या उत्तरेकडून आला. तो अंगाने इतका साधा तपकिरी आहे की दिसूनही लक्षात राहत नाही. त्याची ओळख त्या आवाजातच आहे. आवाज ओळखून देणारी मोबाइल अ‍ॅप्स आता उपलब्ध आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे मर्लिन मीही वापरते, पण आधी स्वतः ऐकून, स्वतः अंदाज बांधून मगच. फोनने सांगितलेले नाव दुसऱ्या दिवशी विसरते आणि स्वतः शोधलेले नाव विसरत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

आता त्या पातेऱ्याविषयी, ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले. आपल्याकडे परस रोज झाडणे हे घर नीट असल्याचे लक्षण मानले जाते. आमच्या घरीही सकाळी हिराच्या केरसुणीने विहिरीपासून गडग्यापर्यंत सारा पातेरा गोळा करून संध्याकाळी पेटवला जाई. सहा वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात तीन-चार महिने तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. डिसेंबरच्या एका सकाळी न्हाणीच्या चराजवळ पाने उडताना दिसली. वारा नव्हता. पाहते तर साळुंकीहून थोडा लहान, डोके आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी आणि पांढऱ्या गालावर दोन उभ्या काळसर रेघा असलेला एक पक्षी चोचीने एकेक पान उलटून टाकीत होता आणि खालचे किडे-गांडुळे टिपत होता. हा नारिंगी डोक्याचा कस्तुर. गावात तो पूर्वीपासूनच असणार. आमच्या परसात उतरण्याचे त्याला काही कारण नव्हते, कारण आम्ही त्याचे ताट रोज उचलून जाळत होतो. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच जागी नवरंग आला. हिरवी पाठ, फिकट बदामी पोट, खांद्यावर निळा ठिपका आणि शेपटीखाली लाल रंग असा हा बुटका पक्षी. तोही पातेरा उलटून खाणारा. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे, ते यामुळेच. तेव्हापासून चराकडचा कोपरा आम्ही झाडत नाही. सापाची भीती रास्त आहे, म्हणून दाराजवळची आणि पायवाटेची जागा रोज झाडली जाते, पण गडग्याला लागून असलेली पाने तशीच राहतात आणि कुजून माडांना खत होतात.

कोळिष्टकांचेही तसेच. शिंजीर आपले लोंबते घरटे कोळ्याच्या धाग्यांनी बांधतो, आणि शिंपी पक्षी पानांच्या कडा शिवताना हेच धागे वापरतो. पडवीतली कोळिष्टके जरूर काढावीत, पण कुंपणाच्या जास्वंदीवरची काढू नयेत. याच जास्वंदीवर आमच्याकडे किरमिजी पाठीचा इवलासा शिंजीर येतो. हा पक्षी पश्चिम घाट आणि त्याला लागून असलेला पट्टा सोडला तर जगात इतरत्र कुठेही आढळत नाही. त्याला पाहण्यासाठी लोक दूरदेशांहून येतात, आणि आपण स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो पाहू शकतो. गोव्यात राहणाऱ्या माणसाने याचे मोल ओळखावे, असे मला फार वाटते. आंब्यावरचे बांडगूळही सरसकट तोडू नये. झाडाला ते त्रासदायक आहे हे खरे, परंतु एखादा झुबका राहू दिला तर फुलटोच्या हमखास येतो. बांडगुळाची फळे तो खातो, चिकट बी फांदीला घासून टाकतो आणि तिथे नवे बांडगूळ रुजते.

पक्ष्यांना खाऊ घालावे का, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. धान्याची टांगती भांडी लावण्याची पद्धत बर्फाळ देशांतून आली. तिथे हिवाळ्यात पक्ष्यांना खरोखर अन्नाची चणचण पडते. आपल्याकडे तशी स्थिती नाही. भात, शेव, बिस्किटे टाकली की कबुतरे, कावळे आणि मागोमाग उंदीर येतात, आणि लहान पक्षी उलट दूर जातात. त्याऐवजी झाडावरची एक पपई पिकू द्यावी, वरच्या फांदीवरचे चार चिकू काढू नयेत. बुलबुल, तांबट आणि हळद्या त्याचा समाचार घेतात. पाणी मात्र जरूर ठेवावे. मातीची उथळ परळ, पाणी दोन बोटांहून खोल नाही, मध्ये एक दगड, आणि जागा झुडपांपासून पाच-सहा हात दूर, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. पाणी रोज बदलावे, नाहीतर डासांची पैदास होईल.

दुर्बीण वर्षानंतर घ्यावी. आठ पट मोठे दाखवणारी आणि समोरच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली, म्हणजे जिला ‘आठ बाय बेचाळीस’ म्हणतात ती, झाडीसाठी उत्तम. दहा पटीची हातात अधिक थरथरते आणि तिच्यात चंचल पक्षी लवकर सापडत नाही.

पर्वरी किंवा मडगावला सदनिकेत राहणाऱ्यांनी परस नाही म्हणून थांबू नये. बाल्कनीसमोर एखादे तरी झाड असतेच, आणि तेवढे एक झाड वर्षभर पाहणे हीसुद्धा खरी सुरुवात आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची पक्षिगणना होते. ती १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून जगभर होऊ लागली. कोणत्याही एका जागी किमान पंधरा मिनिटे बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे, एवढेच त्यात करायचे असते. बाल्कनीतली नोंदही तिथे तितकीच मोलाची असते.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. पावसाआधी घरावर आलेल्या फांद्या तोडण्याचे काम आपण परंपरेने एप्रिल-मेमध्ये करतो, आणि नेमके हेच दिवस बहुतेक पक्ष्यांच्या विणीचे असतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तोडलेल्या फांदीबरोबर बुलबुलाचे घरटे खाली आले. त्यात तीन पिल्ले होती आणि त्यांतील एकही वाचले नाही. ते जोडपे दोन दिवस त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होते. तेव्हापासून आम्ही ही छाटणी जानेवारीत करून घेतो. गड्याला कामासाठी तो महिना सोयीचाच पडतो, आणि जी फांदी राहून जाते ती मेमध्ये तोडण्याआधी मी खाली बसून अर्धा तास पाहते: चोचीत काडी किंवा किडा घेऊन कोणी त्या फांदीकडे जाते आहे का. कोणी जात असेल तर ती फांदी त्या पावसाळ्यापुरती राहते, आणि खालची चार कौले पावसाळ्यानंतर बदलली जातात.