सागवानी दार, पीयू पॉलिश आणि सोलापूरचे ऊन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जुन्या सागवानी दारांच्या डागडुजीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि स्पष्ट शब्दांत प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. बाहेरच्या दाराला तेल लावावे हा माझा सल्ला आपल्याला कालबाह्य वाटतो, कारण सोलापूरच्या बाळीवेशीतील आपल्या वाड्याच्या दाराला लावलेले जवसाचे कच्चे तेल दोन पावसाळ्यांत काळे पडले. लाकूड करडे होणे निरुपद्रवी आहे असे म्हणायचे आणि पुढे तो करडेपणा घालवण्याची कृतीही सांगायची, यात आपल्याला विसंगती दिसते. समुद्रातील जहाजांवरचे सागवान वार्निशच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर सोलापूरसारख्या कोरड्या गावात मशीनने घासून पीयू पॉलिश (पॉलियुरेथेनचा कडक, पारदर्शक थर) केलेले दार का टिकू नये, असा आपला मुख्य प्रश्न आहे. शेवटी, दारावरचे काळे डाग कॉस्टिक सोड्याने काढावेत का, हेही आपण विचारले आहे. जहाजांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याचशा गोष्टी त्यातूनच उलगडतात.

मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कारागिरांनी मलबारी सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. या दीर्घायुष्याचे मोठे श्रेय लाकडाच्या अंगच्या गुणांना आहे. सागवानात नैसर्गिक तेल असते, पाणी अडवणारा रबरासारखा अंश असतो आणि बुरशी व वाळवी यांना न मानवणारी रसायने असतात. शिवाय ओकच्या लाकडातील आम्ल जसे लोखंडी बोल्ट खाते, तसा त्रास सागवानात फारसा होत नाही. वार्निशचे म्हणाल, तर सागवानी डेकला ते सहसा लावतच नाहीत. डेक उघडाच ठेवतात, तो करडा होऊ देतात, आणि खाऱ्या पाण्याने धुताना ब्रश रेषांना आडवा फिरवतात, कारण उभा घासला की रेषांमधला मऊ भाग झपाट्याने झिजून लाकडावर सऱ्या पडतात. वार्निश असते ते कठडे, दारांच्या चौकटी आणि डोलकाठ्या यांच्यावर. तेही सहा-आठ पातळ हातांचे असते, आणि उष्ण प्रदेशात दर काही महिन्यांनी त्यावर नवा हात फिरवावाच लागतो. वार्निश केलेले लाकूड जहाजावर टिकते, कारण तेथे ते रोज कोणाच्या तरी नजरेखाली असते आणि चरा पडला की लगेच भरला जातो.

आता आपल्या गावाकडे येऊ. सोलापूर कोरडे आहे म्हणून लाकडाला सोपे, हे गृहीतक मला मान्य नाही. आपल्याकडे पाऊस बेताचा आहे, पण ऊन बेताचे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि पश्चिमेकडे तोंड असलेले दार दुपारभर त्यात भाजून निघते. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक अतिनील किरणांनी फुटतो, पावसात धुऊन जातो आणि मागे सेल्युलोजचे फिकट तंतू उरतात. आपल्याला दिसणारा करडा थर तो हाच, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाएवढीच असते. पारदर्शक पॉलिश पाणी अडवते, पण प्रकाश पूर्णपणे अडवू शकत नाही. त्यामुळे पॉलिशचा थर वरून धडधाकट दिसत असतानाच त्याच्या खालचे लिग्निन फुटू लागते. थर ज्या तंतूंना धरून असतो ते तंतूच सैल होतात, आणि मग तो नखाने ओढला तरी पापुद्रा होऊन निघतो.

त्यातच दार स्थिर नसते. उन्हाळ्यात फळ्या आडव्या आकसतात, पावसाळ्यात फुगतात, आणि ही हालचाल सर्वांत जास्त जाणवते ती चौकटीच्या सांध्यांवर. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलते हे खरे असले, तरी पीयूचा थर कडक असल्यामुळे तो नेमका या सांध्यांवरच तडकतो. केसाएवढ्या त्या फटीतून आत गेलेले पाणी सहज बाहेर पडू शकत नाही आणि दोन-तीन पावसांनंतर तेथे काळा पट्टा दिसू लागतो. जहाजासाठीचे वार्निश मुद्दाम लवचीक ठेवलेले असते, कारण डोलकाठी वाऱ्याने वाकते. दिवाणखान्यातील कपाटे, देवघर, आतली दारे यांना पीयू उत्तम आहे आणि मी स्वतः ते सुचवतो. रस्त्यावरच्या, उन्हाला तोंड दिलेल्या दारासाठी मात्र मी ते सुचवणार नाही, कारण ते उखडल्यावर मधल्यामध्ये दुरुस्त करता येत नाही. सगळे दार पुन्हा लाकडापर्यंत घासावे लागते.

मला खरी काळजी वाटते ती या घासण्याची. उत्तर कसब्यातील एका वाड्याच्या दारावर बॅटरीचा उजेड तिरपा टाकून पाहिला, तेव्हा मधल्या कमळाची प्रत्येक पाकळी कडेला तांदळाच्या दाण्याएवढी उचललेली दिसत होती आणि तिच्या पोटात पटाशीचे बारीक घाव अजून शाबूत होते. शेजारच्याच फळीवर पूर्वी मशीन फिरले होते. तेथे कमळाची नुसती गोल आकृती उरली होती, पाकळ्या कोठून कोठपर्यंत आहेत हे बोटालाही कळत नव्हते. करडा थर इतका पातळ असताना त्याच्यासाठी एवढे लाकूड उगाळणे हे त्या दारावर अन्यायकारक आहे, असे माझे ठाम मत आहे. दारावर जुन्या ऑइल पेंटचे थर असतील तर आणखी एक धोका आहे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांत शिसे भरपूर असू शकते, आणि कोरड्या घासण्याने ते धूळ होऊन घरभर पसरते. असा रंग ओला करून, हातानेच खरवडावा.

करडेपणाविषयीचा आपला आक्षेप यातूनच सुटतो. करडे लाकूड कुजलेले नसते, त्यामुळे ते तसेच ठेवण्यात काही गैर नाही. मात्र त्याच्यावर तेल किंवा वार्निश लावायचे ठरवले, तर तो सैल थर आधी काढणे भाग आहे, कारण सैल तंतूंवर काहीही धरत नाही.

जवसाच्या तेलाबाबत आपली तक्रार रास्त आहे. कच्चे तेल अत्यंत सावकाश वाळते, ओलसर जागी ते बुरशीचे खाद्य बनते, आणि धूळ बसलेल्या करड्या थरावर चोपडले तर ती धूळही पक्की होते. मी लेखात सांगितलेली पद्धत वेगळी आहे. दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारे जवसाचे तेल (घरी उकळलेले नव्हे), त्यात निम्मे टर्पेंटाइन, सकाळी दार सावलीत असताना अगदी पातळ हात, आणि पंधरा-वीस मिनिटांत न मुरलेले सगळे तेल कोरड्या सुती कापडाने पुसून घेणे. टॉवेलच्या चिंध्या आपल्या गावात मुबलक मिळतात, पण त्यांचे धागे तेलात चिकटतात, म्हणून जुने धोतर बरे. तेलाने भिजलेले फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके पाण्यात बुडवावे किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावे. तेल दरवर्षी लावावे लागते हे खरे आहे. पण ते अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्यासाठी लाकूड घासून काढावे लागत नाही.

राहिला कॉस्टिक सोडा. तो वापरू नये. त्याने सागवान गडद होते, तंतू सुटतात आणि सांध्यांत उरलेला सोडा पुढे कोणतेही पॉलिश धरू देत नाही. आधी डाग कशाचा आहे ते पाहावे. कडी-कोयंड्याभोवती आणि खिळ्यांभोवती निळसर काळे वलय असेल तर तो लोखंडाचा डाग, आणि तो ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने जातो. उंबरठ्यालगत ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला काळेपणा बुरशीचा असतो. त्यावर ब्लीचचा एक थेंब टाकला की तेवढी जागा उजळते. ही दोन्ही द्रव्ये एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकाचे काम झाल्यावर दार भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे आणि मगच दुसरे वापरावे. ऑक्झॅलिक आम्ल स्वतःही विषारी आहे, म्हणून हातमोजे आवश्यक. आणि दारासमोर शहाबादी फरशी असेल तर ती आधी प्लॅस्टिकने झाकावी. शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे आणि आम्लाचे ओघळ त्याच्यावर कायमचे उमटतात.

आपल्या दाराचे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे, तेव्हा लाकूड पावसाच्या ओलीतून बाहेर आलेले असते आणि ऊनही सोसवते. जुने चिकट तेल टर्पेंटाइनने काढावे, डाग वरीलप्रमाणे घालवावेत, मग १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर केवळ सपाट भागावर, हाताने, रेषांच्या दिशेने फिरवावा आणि कोरीव कामाला फक्त मऊ ब्रश लावावा. वरच्या भागाला तेल पुरेल. खालच्या हातभर पट्टीवर पावसाचे पाणी उडते, तेथे जहाजासाठीचे लवचीक वार्निश लावावे. पण तेथे तेल लावू नये, आणि वार्निशचा पहिला हात देण्याच्या लगेच आधी लाकूड थिनरने पुसावे, म्हणजे सागवानाचे अंगचे तेल आड येणार नाही.