डिजिमोनचा सिनेमा काढाच, पण आठ मुलं नकोत

ही बातमी नाही, माझे आपले हवेतले इमले आहेत. पण डिजिमोनवर, म्हणजे मुलं आणि रूप बदलत वाढणारे त्यांचे डिजिटल राक्षस यांच्या त्या जपानी ॲनिमेवर, हाडामांसाचे नट घेऊन कधीतरी सिनेमा निघणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. २०२३ मध्ये 'वन पीस'ची वेब सिरीज लोकांनी डोक्यावर घेतल्यापासून जुन्या ॲनिमेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांची झोप उडालेली असणार. म्हणून माझी मागणी आत्ताच नोंदवून ठेवतो. मालिकेतली आठही मुलं घेऊ नका आणि राक्षसांच्या त्या डिजिटल वर्ल्डमध्ये तर जाऊच नका. दोन मुलं, एक फ्लॅट आणि एक अंडं, एवढ्यात भागवा.

मूळ मालिका ५४ भागांची. आठांपैकी यामातो आणि ताकेरू या भावांचे आईवडील विभक्त, भाऊ दोन घरांत वाटले गेलेले. कोशिरोला आपण दत्तक आहोत हे कळलंय, पण तो घरात चकार शब्द काढत नाही, लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतो. ही माणसं आपल्याला आवडली, कारण त्यांच्याबरोबर आपण वर्षभर होतो. दोन तासांच्या सिनेमात प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतील, आणि तीही रूपांतराच्या झगमगाटात संपतील.

त्यापेक्षा ६ मार्च १९९९ ची ती वीस मिनिटांची फिल्म घ्या. मालिका सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती जपानच्या थिएटरांत लागली होती. दिग्दर्शक मामोरू होसोदा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रात्री कॉम्प्युटरच्या पडद्यातून एक अंडं बाहेर येतं. ताइची आणि त्याची धाकटी बहीण हिकारी ते घरात लपवतात. त्यातून निघालेल्या पिल्लाचं पुढे गुलाबी गोळ्यासारखं कोरोमोन होतं, ते मांजराचं खाणं फस्त करतं, मांजराचे ओरखडे खातं आणि घरभर घाण करून ठेवतं. मागे रावेलचं 'बोलेरो' वाजतंय, त्याच त्याच ठेक्यावर हळूहळू चढत जाणारं. संगीत चढतंय तसा घरातला प्राणीही वाढतोय.

आणि मग खरी गंमत. कोरोमोन बोलत होतं, त्याचा डायनासोरसारखा ॲगुमोन होतो आणि तो एकदम गप्प. हिकारी त्याच्या पाठीवर बसून रात्रीच्या रस्त्यावर निघते, त्याला हाका मारत राहते, पण तो ओळख देत नाही. लाडकं जनावर आवाक्याबाहेर गेल्याची भीती मला कुठल्याही महाराक्षसापेक्षा जास्त वाटते. या प्रसंगाला खरी मुलगी, खरा रस्ता आणि खरा अंधार मिळाला, तर लाइव्ह-ॲक्शन करण्यात काही अर्थ आहे. नाहीतर ॲनिमेच उत्तम आहे की!

जागाही तीच हवी. टोकियोच्या नेरिमा भागातली हिकारीगाओका ही उंच इमारतींची प्रचंड वसाहत. तिथे युद्धकाळात विमानांची धावपट्टी होती, मग अमेरिकन लष्करी कुटुंबांची घरं आली, ती परत मिळाल्यावर आजच्या इमारती उभ्या राहिल्या. मधल्या रस्त्यावर ग्रेमोन (ॲगुमोनचंच पुढचं, महाकाय रूप) आणि पॅरटमोन या पक्ष्यासारख्या राक्षसाची जुंपली आहे आणि वर खिडक्यांतून मुलं टक लावून बघतायत. हे हॉलिवूडच्या स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढे करू नका, हात जोडतो. ताइचीचा 'टाय' करून त्याला कॅलिफोर्नियात राहायला पाठवण्याचा मोहही आवरा. 'ड्रॅगनबॉल' या ॲनिमेवरचा हॉलिवूडपट २००९ मध्ये कसा आपटला ते आठवतंय ना?

राक्षस कसे दाखवायचे, यावर माझं मत ठाम आहे. २०१९ चा 'डिटेक्टिव्ह पिकाचू' मला आवडला, तो केसाळ पिकाचू गोडच होता. पण तिथे राक्षस शहरात राहतात, रहदारी सांभाळतात, कुणाला त्याचं नवल नाही. इथे ॲगुमोन त्या घरात असायलाच नको, आणि ते अंगावर यायला हवं. त्याच्या वजनाने जमीन करकरली पाहिजे. म्हणून ॲगुमोनसाठी माणूस आत शिरेल असा सूट आणि जवळच्या शॉट्सना बाहुली वापरा. तोएई कंपनी १९७१ पासून 'कामेन रायडर' या सूट घातलेल्या नायकाच्या मालिका काढतेय आणि डिजिमोन करणारी तोएई ॲनिमेशन तिच्याच घरची. सूट शिवणारे कारागीर शोधायला लांब जायला नको.

ग्रेमोनला मात्र व्हीएफएक्स लागणार. 'बजेट कुठून आणायचं' हे रडगाणं 'गॉडझिला मायनस वन' या जपानी सिनेमानंतर कुणी ऐकून घेणार नाही. ३५ जणांच्या टीमने ६१० शॉट्स केले आणि २०२४ मध्ये व्हीएफएक्सचं ऑस्कर नेलं. इथे तर एकच रात्र आणि दोन राक्षस आहेत.

अजून एक. मूळ फिल्ममध्ये ग्रेमोन कोसळतो, ताइची हिकारीची शिट्टी जीव खाऊन फुंकतो, ग्रेमोन उठतो, शेवटचा वार होतो आणि दोन्ही राक्षस गायब. निरोपाचं एक वाक्य नाही. तिथे एखादा लेखक 'मी नेहमी तुझ्या हृदयात असेन' छापाचा संवाद घुसवणार, हे मला आत्ताच दिसतंय. आणि श्रेयनामावलीनंतर पुढच्या भागाची जाहिरात म्हणून मालिकेतल्या डेव्हिमोन या खलनायकाचं पंख उघडणं दाखवलंत, तर मी थिएटरमध्येच भांडण काढीन.