अजिंठ्याचा रॅम्प : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अजिंठ्याच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब जाऊन आलो. दोन हजार वर्षं लेणी जशी आहेत तशीच राहू द्या, रॅम्प ठोकून विद्रूप करू नका. ज्यांना चालवत नाही त्यांना डोल्या आहेत, नाहीतर यूट्यूब आहेच."

"जशी आहेत तशी" इथेच घोडं पेंड खातं. मुळात लेण्यालेण्याला नदीच्या पात्रातून वर येणारा स्वतंत्र जिना होता. आज आपण ज्या सलग वाटेने एका लेण्यातून दुसऱ्यात जातो, ती अलीकडच्या काळातली. कठडे, आतले दिवे, फर्दापूर तिठ्यापासूनची बस, सगळं आपल्याच सोयीचं. ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. चाकाच्या खुर्चीची सोय म्हटली की मात्र लेणी विद्रूप होतात!

आणि रॅम्प ठोकायचा कुणी म्हटलंय? पायऱ्यांवर नुसता टेकवलेला, कातळात एकही खिळा न मारता, उद्या उचलून नेता येईल असा हवा. चढ एक इंच तर रॅम्प बारा इंच लांब, हा त्याचा हिशेब. म्हणजे सहा इंची उंबरठ्याला सहा फूट. सुरुवातीचा मोठा चढ असा सुटायचा नाही, तिथे डोली राहीलच. पण पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर हवा तितका वेळ थांबायचं, तर स्वतःची खुर्ची आत जायला हवी. चार माणसं आपल्यासाठी खोळंबलीत म्हटल्यावर कोण निवांत बघेल?

तुमची भीती अगदीच बिनबुडाची नाही. ग्रीसमध्ये अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, २०२० मध्ये काँक्रीटच्या रुंद वाटा केल्या आणि पुरातत्त्वज्ञांनी रान उठवलं. मलाही त्या वाटा पटत नाहीत. त्याच वर्षी तिथे नवी लिफ्ट बसली, तिला माझी हरकत नाही.

आपल्याकडे जमत नाही असंही नाही. जानेवारी २००१ मध्ये चाकाच्या खुर्चीतून फिरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनारच्या आवारात लाकडी रॅम्प झाले की! पाहुणा मोठा होता ना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे सगळ्यांसाठीच सांगितलं. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, तीही २०२२ मध्ये उलटली.

राहिलं यूट्यूब. तेवढ्याने भागत असेल, तर दिवाळीत पोराबाळांना घेऊन तुम्ही एवढ्या लांब कशाला गेलात?