बंदोबस्तात निभावलेले सण

दोन समाजांचे सण एकाच दिवशी आले की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो बंदोबस्ताचा. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने ईदची सुट्टी 29 तारखेला दिली. 2024 आणि 2025 मध्येही या तारखा एकमेकींना लागून आल्या आणि पुन्हा अनेक गावांत जुलूस पुढे गेले. लोकांनी एकत्र बसून वाट काढली, ही केवढी मोठी गोष्ट! पण सांगलीहून मला फोनवर ऐकायला मिळालं ते एवढंच, "यंदा काही झालं नाही बाई, सुटलो."

त्याच काळात, फेब्रुवारी 2025 मध्ये, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. पुढे प्रशासनाने तो रद्द ठरवला, पण आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटायचा तो पेटलाच. एका काकांचं म्हणणं, आपल्या जत्रेत आपलीच दुकानं हवीत. त्यावर भावाने लिहिलं, "ताई, तुमच्या लेस्टरला बघ, सगळे एकमेकांच्या सणाला जातात. आपल्या लोकांना कधी कळणार?" काकांशी माझं पटणं शक्यच नव्हतं. पण भावाचंही मला पटत नाही, आणि का ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यावरचं शहर, मी इथे राहते. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं, तेव्हा इथल्या महापालिकेने तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'लेस्टरला येऊ नका' असं कळवलं होतं. तरीही हजारो माणसं आली, बहुतेक गुजराती. 2021च्या जनगणनेत शहरात ख्रिश्चन 24.7 टक्के, मुस्लिम 23.5 टक्के आणि हिंदू 17.9 टक्के, कुठलाच धर्म न मानणारे 23 टक्के. म्हणजे कुणीच बहुसंख्य नाही. ज्या बेलग्रेव्ह रोडवर या लोकांनी पडीक दुकानं घेऊन धंदे उभे केले, तिथली दिवाळी आज भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळींमध्ये गणली जाते. एप्रिलमध्ये शिखांचं नगरकीर्तन निघतं, उन्हाळ्यात कॅरिबियन कार्निव्हल, ईदला मैदानात नमाज.

दिवाळीला मी स्वयंसेवक म्हणून पिवळं जाकीट घालून उभी राहते. माझ्या वाट्याला बॅरिकेडचा एक तुकडा येतो. हरवलेलं पोर दिसलं तर काय करायचं, कुणाला चक्कर आली तर कुठल्या नंबरवर कळवायचं, हे सगळं आधी समजावून दिलेलं असतं. रस्ता किती वाजता बंद होणार आणि कधी उघडणार, हे रहिवाशांना अगोदर कळतं, आणि रस्ता ठरल्या वेळी उघडतोही. शेजारची सोमाली बाई तिन्ही मुलांना घेऊन येते, दिवे बघते, जिलबी खाते, मला हात करून घरी जाते. हे मला मनापासून आवडतं. सांगलीत गणपती बघायला निघालेल्या बाईला अशा निर्धास्तपणे फिरता यावं, ही माझी इच्छा आहे.

पण याच शहरात ऑगस्ट-सप्टेंबर 2022 मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले. बाहेरून पोलिसांची कुमक मागवावी लागली. नंतर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एका मशिदीबाहेर एकत्र उभं राहून शांततेचं निवेदन वाचलं, ते बरंच झालं. पण वर्षानुवर्षं एकमेकांचे दिवे आणि मिरवणुका बघितलेली ही पोरं होती. त्या बघण्याने त्यांना अडवलं नाही. मग 2025ची दिवाळी आली. गर्दी धोकादायक होते, असं सुरक्षेचा सल्ला देणाऱ्या मंडळींनी सांगितल्यावर इथल्या महापालिकेने स्टेज आणि आतषबाजी रद्द केली. दिवे लागले, रस्ता बंद ठेवला, लोक आले आणि कुरकुरत परत गेले. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, चेंगराचेंगरी परवडत नाही. पण सण महापालिकेच्या हातात आहे आणि बाकीचे आम्ही प्रेक्षक, हे त्या संध्याकाळी फार स्पष्ट दिसलं.

भावाला मला हेच सांगायचं आहे. एकमेकांचा सण बघायला जाणं लेस्टरकडून शिकता येईल. एकमेकांचा सण अंगावर घेणं सांगली जिल्ह्याला आधीपासून येतं, आणि ते मी इथे कुठेच पाहिलेलं नाही.

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाची सुरुवात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीने, होते. हा मान त्यांचा, तो आला नाही तर उरूस सुरू व्हायचा कसा? त्याच दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली ते गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणाऱ्या संगीतसभेत देशभरातले गवई हजेरी लावत आले आहेत. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत चाळीसेक वर्षं गणपती मशिदीत बसतो. निमित्त पावसाचं झालं होतं, मूर्ती भिजू नये म्हणून मुस्लिम शेजाऱ्यांनीच ती आत घ्यायला सांगितलं. गणपतीत बकरी ईद आली तेव्हा त्यांनी फक्त नमाज पढली, कुर्बानी केली नाही.

आणि कडेगावचा मोहरम. तिथले ताबूत बघायला मान पाठीला टेकवावी लागते, इतके उंच. बांबू, सूत आणि रंगीत कागद यांचं काम. बांधणी आधी कळस, मग पाया अशी उलटी चालते. एक मजला झाला की तो उचलून धरायचा आणि खाली पुढचा जोडायचा. उचलायला माणसं लागतात, आणि ती मोजक्या घरांतून पुरत नाहीत. ताबुतांमध्ये हिंदू घराण्यांचेही मानाचे ताबूत असतात. ताबुतांच्या भेटीच्या दिवशी एवढा डोलारा खांद्यावर घेऊन चालताना शेजारच्या माणसाचं पाऊल कुठे पडतंय, हे बघावंच लागतं. शिवाय तो नसेल तर ताबूत हलणारच नाही, हे दोघांनाही माहीत असतं.

कुणी म्हणेल, एवढं सगळं असूनही 2009 मध्ये मिरज पेटली ना? पेटली. गणेशोत्सवात अफजलखान वधाचं चित्र असलेल्या कमानीवरून दंगल झाली, संचारबंदी लागली, विसर्जन रखडलं, झळ सांगली-कोल्हापूरपर्यंत पोचली. यावर मी खूप विचार केला आहे. मला दिसतं ते असं, की दर्ग्यातला मान दर्ग्यात राहिला आणि ताबुतांचा कडेगावात. चौकातल्या तरुण मंडळांपर्यंत तो पोचलाच नाही. पूर्वी मिरवणुकीला ताशेवाले, बँडवाले, पालखी सजवणारे, फुलं पुरवणारे असे निरनिराळ्या समाजांचे हात लागायचे. आज पैसे मोजले की डीजे येतो, कंत्राटदार कमान उभी करून देतो, लेझरचं भाडं दिलं की काम झालं. दुसऱ्याची गरजच उरत नाही.

डीजेची चर्चा आपण फक्त डेसिबलमध्ये करतो. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 ही मर्यादा 2000 सालच्या नियमांपासून आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. 2023च्या गणेशोत्सवात आपल्याच जिल्ह्यात मिरवणुकीत कोसळून दोन तरुण गेले, तेव्हा आवाजाचीच चर्चा झाली होती. वेळ, मार्ग, आवाज, रुग्णवाहिकेची वाट, यात लेस्टरची शिस्त जशीच्या तशी उचलावी. पण शिस्तीने मिळते ती शांत मिरवणूक, सोबत नाही.

मानाच्या पद्धतीतही दोष आहेत, ते झाकून मी तिची बाजू घेणार नाही. मान घराण्याने चालतो, पुरुषांकडेच राहतो, आणि नव्याने गावात आलेल्याला त्यात जागा नसते. सांगलीच्या गावभागात मी लहानाची मोठी झाले, पण मोदक वळण्यापलीकडे उत्सवात माझं काम काय, हे कुणी कधी विचारलं नाही. ते पहिलं काम मला परक्या शहराने दिलं. या बाबतीत लेस्टर आपल्या पुढे आहे.

आणि नव्याने येणाऱ्याचं दुःख सांगली जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरले आहेत. केरळात, तामिळनाडूत, दिल्लीत, जिथे सोनं गाळायचं काम तिथे ते. तिथे त्यांनी गणपती बसवले ते तिथल्या लोकांनी जागा दिली म्हणून. त्यांच्याच जिल्ह्यात, कुपवाडच्या एमआयडीसीत, उत्तरेकडून आलेली पोरं आज कामाला आहेत. मिरवणुकीच्या गर्दीत ती कडेला उभी असतात.

आषाढात मंडळांच्या बैठका सुरू होतील. वर्गणीचा आकडा आणि डीजेचं भाडं ठरवायच्या आधी एक ठराव मांडता येईल: कार्यकारिणीत दोन जागा गल्लीतल्या बायकांना, एक कुपवाडच्या कामगारांना, आणि विसर्जनाच्या रात्री पाण्याची व प्रथमोपचाराची जबाबदारी शेजारच्या मोहल्ल्याकडे, त्यांना विचारून, मानाने. बदल्यात मोहरमला सरबताची गाडी मंडळाची. भावाला मी हे लिहून पाठवलं आहे. तो त्याच्या मंडळाचा खजिनदार आहे. त्याचं उत्तर आलं, "ताई, बायकांचं होईल. बाकीच्यासाठी तू गणपतीला ये आणि बैठकीत स्वतः बोल." सुट्टीचा अर्ज मी दिला आहे.