‘फी भरा आणि वाऱ्यावर’: ऑनलाइन पदवीबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

प्रवेशाचे दिवस आले की मुंबईत सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘मुलांना ऑनलाइन पदवीला घालू नका. फी घेतली की संपलं. शंका विचारायला शिक्षक नाही, लायब्ररी नाही, मन खचलं तर बोलायला कुणी नाही, तक्रार करायला जागा नाही. आणि ती पदवी नोकरीलाही चालत नाही.’ खाली हात जोडलेले.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं आहे.

‘शिक्षक नाही.’ यूजीसीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अभ्यासक्रमात व्हिडिओ आणि वाचनसाहित्याबरोबर शंका-चर्चेची सोय असावीच लागते, आणि २५० विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक मार्गदर्शक. २५० ला एक म्हणजे काही चैन नव्हे. पण कॉलेजात पहिल्या वर्षाच्या खचाखच वर्गात मागच्या बाकावरच्या पोराने वर्षभरात किती शंका विचारल्या, तेही एकदा त्याला विचारून बघा.

मग ‘फी भरली आणि फोन उचलायचे बंद झाले’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. फक्त तो फोन बहुतेक वेळा विद्यापीठाचा नसतोच. स्टेशनबाहेरच्या इमारतीत ‘सर्व विद्यापीठांचे प्रवेश’ अशी पाटी लावून बसलेल्या एजंटाचा असतो. त्याचं काम प्रवेश झाला की संपतं. फ्रँचायझीतून असे अभ्यासक्रम चालवायला याच नियमांत बंदी आहे. आणखी एक घोळ होतो: एजंट ‘फॉर्म आम्हीच भरून देतो’ म्हणतो आणि अर्जात स्वतःचा मोबाइल, ईमेल टाकतो. मग लेक्चरची लिंक, परीक्षेचं वेळापत्रक, मार्गदर्शकाचं उत्तर, सगळं त्याच्याकडे जातं आणि मूल घरी वाट बघत बसतं. विद्यापीठाला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर दिसतं. प्रवेशाला लागणारा डेब-आयडी, म्हणजे याच विभागाचा ओळख क्रमांकही, विद्यार्थ्याने स्वतःच काढायचा असतो.

‘लायब्ररी नाही’ हे तर सरळ चूक. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी फुकट आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश साइटवरचं अभ्याससाहित्य कुणालाही उघडून वाचता येतं. अडचण आहे ती बसायच्या जागेची. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असताना लेक्चर ऐकायचं कसं, याला यूजीसीकडे उत्तर नाही. वरळीच्या अभ्यास गल्लीत पोरं रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तकं घेऊन बसतात, ती हौस म्हणून नव्हे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर मीच तो पुढे पाठवला असता.

बोलायला कुणी नाही? १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. देवनारच्या टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) आयकॉल ही समुपदेशन सेवा तर २०१२ पासूनची. दोन्हीकडे कॉलेजचं ओळखपत्र लागत नाही. पण विद्यापीठं हे नंबर पोर्टलच्या कुठल्या कोपऱ्यात टाकतात ते देव जाणे, ही तक्रार रास्त आहे.

राहिली तक्रार करायची जागा. २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असावा लागतो, आणि त्या नियमांत ‘विद्यार्थी’ म्हणजे दूरस्थ आणि ऑनलाइन शिकणारेही धरले आहेत. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तिथे समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील. तक्रार घरबसल्या करता येते, मात्र फीची पावती विद्यापीठाच्या नावाची हवी. एजंटाने वहीतलं पान फाडून दिलेली असेल, तर समितीपुढे ती दाखवून फारसं काही हाती लागणार नाही.